जमिनीखालच्या वायूला राखणदार कोण?

कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता जमिनीखाली साठवायची चर्चा निघाली की व्हॉट्सॲपवर न्योस सरोवराचा फोटो हमखास फिरतो. कॅमेरूनमध्ये 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री त्या सरोवरातून वायूचा लोंढा उसळला आणि सतराशेच्या आसपास माणसं गुदमरून गेली, गुरं वेगळीच. घटना खरी आणि भयंकर. पण तो वायू कोणी साठवलेला नव्हता. ज्वालामुखीच्या प्रदेशातल्या त्या सरोवराच्या तळाशी तो पाण्यात विरघळून साचत गेला होता. किलोमीटरभर खोल खडकात मुरलेला वायू असा एका रात्रीत उसळत नाही. मला भीती वाटते ती फार कंटाळवाण्या गोष्टींची: जुन्या विहिरींची तोंडं, गंजलेले पाइप, आणि तीस वर्षांनी त्या साठ्याची फाइल कोणाच्या टेबलावर असेल ह्याची.

आधी खडकाचं बोलू. खाली मोठी गुहा असते आणि तिच्यात वायू कोंडतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात चिऱ्याच्या भिंतीत पावसाचं पाणी मुरावं तसा तो वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींत मुरतो. साधारण 800 मीटरच्या खाली दाब आणि उष्णता इतकी असते की तो जवळपास द्रवासारखा दाट होतो. तरी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच, म्हणून वर चढू पाहतो. त्याला अडवायला वर शेलसारखा, म्हणजे चिखलाच्या दगडाचा, घट्ट थर लागतो. पुढे काही वायू फटींतच अडकतो, काही पाण्यात विरघळतो आणि ते पाणी जड होऊन खाली बसतं, थोड्याचा हळूहळू दगड होतो. म्हणजे जागा चांगली असेल तर धोका वर्षांगणिक कमी होत जातो. आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने, 2005 च्या अहवालात म्हटलंय की नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या साठ्यात 100 वर्षांनंतरही 99 टक्क्यांहून जास्त वायू जागेवर असण्याची शक्यता खूप मोठी आहे. ह्यातली पहिली अट भूशास्त्रज्ञ पुरी करतील. दुसरीचं काय?

नॉर्वेने स्लाइपनर ह्या वायुक्षेत्रात 1996 पासून उत्तर समुद्राच्या तळाखाली वर्षाला सुमारे 10 लाख टन वायू सोडला. तो अजून तिथेच आहे, पण तिथेही तो अंदाजापेक्षा लवकर वरच्या थरात पोचल्याचं दिसलं. दिसलं, कारण ते बघत होते. अल्जीरियात इन सालाहच्या साठवण प्रकल्पात जमीन काही मिलिमीटर वर उचलली गेल्याचं उपग्रहाच्या रडारने टिपलं, एका जुन्या विहिरीतून थोडी गळतीही झाली, आणि 2011 मध्ये वायू सोडणं थांबवलं. अमेरिकेत डिकेटरच्या साठवण प्रकल्पात 2024 मध्ये खाली वायू ठरल्या जागेबाहेर सरकला तो देखरेखीसाठीच खणलेल्या विहिरीच्या गंजलेल्या पाइपमधून. राखण करायला ठेवलेलीच विहीर गळली! दगडाला माणसाने जिथे भोक पाडलं, तिथे आधी बघा. मुंबई हायसारख्या जुन्या तेलक्षेत्रांत वायू साठवावा असं कोणी सुचवलं की माझा पहिला प्रश्न हाच: पन्नास वर्षांत तिथे पाडलेल्या प्रत्येक विहिरीचं सिमेंट आज कसं आहे? पाण्यात विरघळलेला हा वायू आम्ल होतो, सिमेंट खातो, लोखंड खातो. वर गोड्या पाण्याच्या थरात शिरला तर खडकातले शिसे-आर्सेनिकसारखे धातू पाण्यात उतरवू शकतो.

आता आपल्याकडचं. गोव्याखाली बहुतेक ठिकाणी जुना, घट्ट, रूपांतरित खडक आहे. त्यात साठवण होणार नाही. ईशान्येच्या टोकाला दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची, किनार लागते. बेसाल्टची गोष्ट आकर्षक आहे खरी: आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाला. पण त्याला एक टन वायूमागे वीस-पंचवीस टन पाणी लागतं. शिवाय दख्खन म्हटलं की मला कोयना आठवते. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप धरणात साठलेल्या पाण्यामुळे चाळवला गेला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. खडकातल्या भेगांत दाब वाढला की आधीच ताणलेली भेग सरकू शकते, मग तो दाब पाण्याचा असो की वायूचा. म्हणून बेसाल्टला सरसकट नाही म्हणू नका, पण दाब किती वाढला की काम थांबवायचं तो आकडा आधी लिहून घ्या.

गोव्याला साठवणीपेक्षा वाहतुकीचा प्रश्न जवळचा वाटतो. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्या भट्ट्यांचा वायू समुद्राखाली न्यायचं उद्या कोणी ठरवलं, तर नकाशावर सरळ रेघ आपल्याच अंगणातून जाईल. असा प्रस्ताव आहे असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शियाला काय झालं ते वाचून ठेवा. 22 फेब्रुवारी 2020, जोराचा पाऊस होऊन गेलेला, उताराची माती सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तो सखल भागात उतरून बसला. गाड्यांची इंजिनं ऑक्सिजनविना बंद पडली, म्हणजे पळायचीही सोय नाही. 45 जण रुग्णालयात, दोनेकशे लोकांना हलवावं लागलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. पाऊस, सरकणारा उतार, खाली वस्ती: अनमोड किंवा चोर्ला घाट बघितलेल्या माणसाला आणखी समजावून सांगायला नको. 2018 च्या जानेवारीत वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा पहाटे लोकांना घरातून बाहेर काढावं लागलं होतं. अमोनियाला निदान वास तरी येतो.

मी विरोधक नाही. पोलाद आणि सिमेंटचा वायू केवळ सौरऊर्जेने जाणार नाही, आणि भारताचं उत्सर्जन वर्षाला अडीच अब्ज टनांच्या वर आहे. प्रयोग व्हावेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 2009 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात लोह टाकून बघितलं होतं, शेवाळ वाढेल आणि कार्बन तळाशी नेईल ह्या आशेने. शेवाळ वाढलं, ते बारीक समुद्रजीवांनी खाल्लं, आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी कार्बन खाली गेला. हा निकाल त्यांनी जसाच्या तसा जगापुढे ठेवला. मला ह्या धंद्यात असा प्रामाणिकपणा हवा.

पण तो सक्तीने घ्यावा लागेल. युरोपात साठा बंद झाल्यावर साधारण किमान 20 वर्षं जबाबदारी कंपनीची, आणि वायू कायमचा जागेवर आहे हे दाखवल्याशिवाय ती सरकारकडे जात नाही. अमेरिकेत देखरेखीची मुदत, वेगळं काही ठरलं नाही तर, 50 वर्षं. आपल्याकडे? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले लोहखनिजाचे 88 खाणपट्टे रद्द केले. सत्तरी-डिचोलीत फिरून या, पाण्याने भरलेले खंदक आणि मातीचे डंप बघा, आणि मग मला सांगा की बंद झालेल्या कामाची काळजी आपण कशी घेतो. एखादी विहीर आटली ती खाणीमुळे की कमी पावसामुळे, ह्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. काम सुरू होण्याआधीची नोंद नसली की असंच होणार. म्हणून पहिला टन खाली जाण्याआधी आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून त्याचे आकडे पंचायतीत लावा, आणि पन्नास वर्षांच्या देखरेखीचे पैसे अशा निधीत भरून घ्या की कंपनी बुडाली तरी ते हाती राहतील.

आणि जनसुनावणीला इंग्रजीतली पाचशे पानं आणून ठेवू नका. सारांश स्थानिक भाषेत द्यायचा नियम आहेच. तो मराठीत की कोंकणीत ह्यावर आपण महिनाभर भांडू. दोन्हींत द्या, आम्ही वाचतो.