संगीताचं मासिक काढताय? मग गाणं जरा बाजूला ठेवा

संगीताला वाहिलेलं मासिक काढायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. अभिनंदन! सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला मिळायचा नाही. बारा वर्षं मी अशाच एका मासिकाचा वर्गणीदार होतो, आणि गेल्या मंगळवारी तसा राहणं थांबवायचा प्रयत्न केला. प्रयत्न अजून चालू आहे.

सुरुवात मुखपृष्ठापासून. गाण्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, तेही ओळखतील असा चेहरा छापा. थोरामोठ्यांनी घालून दिलेली वाट आहे ही. १९६७ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाचा पहिला अंक निघाला, त्यावर 'बीटल्स' बँडमधला जॉन लेनन होता. गिटार घेऊन नाही हं. डोक्यावर लष्करी हेल्मेट, फोटो सिनेमातला. तुम्ही आणखी एक पाऊल पुढे जा आणि शक्यतो हयात नसलेला कलावंत निवडा. तो 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणून फोन करत नाही. शिवाय जन्मशताब्दी, स्मृतिदिन, पहिल्या अल्बमची पन्नाशी... निमित्तांना तोटा नसतो.

हयात कलावंत घ्यावाच लागला तर 'खास मुलाखत' असं ठळक छापा. आत चार पानं द्या. पहिली दोन पानं मुलाखतकार हॉटेलच्या लॉबीत ताटकळत बसलेला. तिसऱ्या पानावर कलावंत येतो, काळा चष्मा काढतो, पुन्हा लावतो. चौथ्या पानावर तो सांगतो की नवा अल्बम 'अगदी आतून आलेला' आहे. संपली मुलाखत. ड्रमचा आवाज एवढा कोरडा का ठेवला, तो आवाज कुठल्या खोलीत घेतला, दुसरं कडवं का गाळलं, असलं काही विचारायचं नाही. वाचक दचकतो.

याद्या छापा. 'सर्वश्रेष्ठ १००', 'सर्वश्रेष्ठ ५००', 'मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत असे'. ही युक्ती जुनीच. १९५२च्या नोव्हेंबरात 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्सने रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, कुठली तबकडी किती खपतेय ते विचारलं, बेरजा मारल्या आणि ब्रिटनमधली पहिली खपाची यादी छापली. हेतू जाहिरातदारांना ओढण्याचाच होता, पण त्या माणसाने निदान फोन तरी केले. तुम्ही तेवढेही कष्ट घेऊ नका. पाच-पंचवीस जणांकडून मतं मागवा, आणि काही वर्षांनी माणसं बदलून पुन्हा मागवा. 'रोलिंग स्टोन'च्या २००३च्या पाचशे अल्बमांच्या यादीत बीटल्सचा जो अल्बम पहिला होता, तो २०१२ मध्येही पहिलाच होता. २०२० मध्ये नव्या मतदारांनी त्याला २४वा केला. अल्बम तोच, त्यातली एक मात्राही हललेली नाही! वाचक संतापतो, लांबलचक पत्र लिहितो, आणि ते छापलंय का हे बघायला पुढचा अंक घेतो. यादीचा उपयोग तोच.

परीक्षणाला गुण द्या, तेही दशांशात. 'पिचफोर्क' ही संगीताची वेबसाइट तसे देते. ७.८ आणि ७.९ या दोन अल्बमांमध्ये नेमकं काय कमी-जास्त आहे हे कोणीही विचारणार नाही, कारण आकडा दिसल्यावर मजकूर वाचतो कोण?

अंकासोबत काहीतरी फुकट द्या. पण जपून. १९८६ साली त्याच 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने बावीस नवख्या बँडची एक कॅसेट काढली. ती इतकी गाजली की तिच्या 'सी८६' या नावानेच त्या प्रकारच्या गाण्यांना लोक ओळखू लागले. असा प्रमाद तुमच्या हातून घडू नये. तुम्ही एक सीडी घ्या, तिच्यावर मागच्या पानाची जाहिरात देणाऱ्या कंपनीचीच दहा गाणी भरा आणि मुखपृष्ठावर असा गोंद लावून चिकटवा, की ती सोडवताना कलावंताचं नाक सोबत निघून यावं. माझ्याकडे अशी बिननाकाची अकरा मुखपृष्ठं आहेत.

अंक प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवा. चाळून बघितला तर कोण घेईल?

आता महत्त्वाचं. आलेला वाचक जाऊ द्यायचा नाही. वर्गणी भरायला एक बटण ठेवा, मोठं, लाल, दर पानावर. वर्गणी थांबवायला मात्र फोन. वर्षाच्या शेवटी न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे कापून घ्या. परवानगी बारीक टायपात घेतलेली असतेच. मग तो फोन करेल. करू दे. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. नंतर होल्ड. आणि होल्डवर काय लावायचं? माझ्या मासिकाने, म्हणजे ज्यांच्या संपादकीयात दर महिन्याला 'ध्वनीची शुद्धता' असते त्या मासिकाने, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा सिंथेसायझरचा तुकडा लावला होता. जेमतेम बारा सेकंदांचा. समेवर येता येता तुटायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. ३६ मिनिटं! मिनिटाला पाच म्हणजे १८० वेळा मी त्या समेची वाट बघितली. मग एक मुलगी आली, गोड आवाजात म्हणाली, "सर, वर्गणी बंद करण्याचं कारण सांगाल का?" मी म्हटलं, "गाणं." ती म्हणाली, "तो पर्याय यादीत नाहीये, सर." तिचा काय दोष? तिने 'इतर' निवडलं, तीन महिन्यांची सवलत देऊ केली, मी नको म्हटलं आणि फोन कटला. काल पैसे कापल्याचा मेसेज आला.

हसू नका. माझं हसून झालंय. आता माझ्या मासिकवाल्यांनो, थेट तुमच्याशीच बोलतो.

१९२३ साली 'ग्रामोफोन' सुरू झालं तेव्हा तबकड्या महाग होत्या. कुठली घ्यावी हे न ऐकता ठरवायचं असे, म्हणून माणसं मासिक वाचत. आज कुठलाही अल्बम, अंक हातात पडायच्या आधी माझ्या कानात असतो. तुमचे गुण मला कशाला हवेत? मला हवंय ते एवढंच, की माझ्या कानाने जे निसटू दिलं ते दाखवा. बारा वर्षांपूर्वी याच मासिकात अर्ध्या रकान्याचं एक परीक्षण आलं होतं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी बेस वाजवणारा आवर्तनभर हात उचलतो, तिथे ऐका. मी ते गाणं चाळीसेक वेळा ऐकलेलं. पुन्हा लावलं. खरंच थांबतो हो तो! पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटलं. त्या अर्ध्या रकान्यासाठी मी बारा वर्षं पैसे भरले आणि तुम्ही मला दुसरा दिला नाहीत.

'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' २०१५ मध्ये फुकट वाटायला लागले, २०१८ मध्ये साप्ताहिक छापणं थांबलं. 'क्यू' हे ब्रिटिश मासिक २०२० मध्ये बंद पडलं. दर वेळी तुम्ही गळा काढता की इंटरनेटने मारलं. जाहिराती त्याने पळवल्या, मान्य. पण कान कोणी पळवले तुमचे? अल्बम न ऐकता कंपनीने पाठवलेलं पत्रक उलटंपालटं करून परीक्षण म्हणून छापता, नवख्या पोरांना दोन ओळी आणि मेलेल्यांना दहा पानं देता, आणि वर वाचक वाचत नाही म्हणता? आम्ही वाचतो. शेवटच्या पानावरचं, ध्वनिमुद्रण कोणी केलं ते सुद्धा वाचतो. तुम्हीच ऐकत नाही.

माझे पैसे परत करा. आणि होल्डवरचा तो तुकडा निदान समेपर्यंत तरी वाजू द्या. संगीताचं मासिक म्हणवता स्वतःला!