पाटी उतरवून लावलेली पाटी

अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत एक ठरावीक सूर लागला: इथले लोक कामे करतात, आपण पाट्या बदलत बसतो. हा सूर मला मान्य नाही. नावांवरून इथेही तितकेच पेटते. फरक पडतो तो नाव कोऱ्या जागी लिहिले गेले की दुसऱ्याचे खोडून, याने, आणि तो दोन्ही देशांत सारखाच पडतो.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या धक्क्यावर आज संग्रहालय म्हणून उभे असलेले ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज याच शहरातल्या उद्योगपती कैसर यांच्या गोदीत बांधले गेले आणि ९ नोव्हेंबर १९४४ रोजी पाण्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाचशेहून अधिक ‘व्हिक्टरी’ जहाजे बांधली आणि त्यांना आधी मित्रराष्ट्रांची, मग लहानमोठ्या गावांची आणि महाविद्यालयांची नावे दिली. रेड ओक हे आयोवातले, सहा हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या लढाईत तिथल्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव सैन्याच्या, मुलांची तुकडी जर्मन रणगाड्यांच्या वेढ्यात सापडली आणि मार्चमध्ये गावात घरामागून घरी तारा येऊ लागल्या: मुलगा बेपत्ता आहे. गावाच्या आकाराच्या मानाने हा घाव फार मोठा होता, आणि जहाजाला त्या गावाचे नाव मिळण्यामागे तो होता.

जहाजाच्या डेकवर उभे राहून माल ठेवण्याच्या पाच कप्प्यांपैकी एखाद्यात डोकावले, की त्या काळोख्या खोलीत एकावर एक रचलेल्या तोफगोळ्यांची कल्पना करूनच पोटात गोळा येतो. नौदलाच्या सेवेत, जानेवारी १९४५ पासून, या जहाजाने प्रशांत महासागरातल्या उलिथी बेटांच्या तळावरून युद्धनौकांना दारूगोळा पुरवला आणि त्यात एकही माणूस दगावला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट सोसलेल्या मुंबईला याची किंमत वेगळी सांगायला नको. त्यानंतर तीनच महिन्यांनी रिचमंडपासून फार दूर नसलेल्या पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर जहाजांत दारूगोळा चढवताना ३२० माणसे गेली, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय खलाशी होते. पुढे कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांतही ‘रेड ओक’ने माल वाहिला, मग सुइसन उपसागरात वर्षानुवर्षे गंजत पडून राहिले, आणि १९९८ मध्ये रिचमंडच्या संग्रहालय संस्थेने ते ताब्यात घेतले. या नावावर वाद झाल्याचे मी तरी कधी ऐकले नाही, कारण ते कुणाचे हिसकावून घेतलेले नव्हते.

आता दुसरे जहाज पाहा. सॅन फ्रान्सिस्कोचे लोकप्रतिनिधी आणि समलिंगी हक्कांचे पुरस्कर्ते हार्वी मिल्क यांची १९७८ मध्ये हत्या झाली. नौदलाच्या एका तेलपुरवठा जहाजाला त्यांचे नाव होते. ते जून २०२५ मध्ये काढून ऑस्कर पीटरसन यांचे देण्यात आले. १९४२ च्या कोरल समुद्रातील लढाईत तेलवाहू जहाजावरच प्राणघातक जखमा होऊनही कर्तव्य पार पाडणाऱ्या पीटरसन यांना मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळाले होते. त्यांच्या नावाचे जहाज हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण ते मिल्क यांना खाली उतरवून दिल्यामुळे पीटरसन यांनी काय केले हे कुणी विचारत नाही, सगळे विचारतात ते मिल्क यांना का काढले. संभाजीमहाराज आणि अहिल्याबाई यांच्याबाबतही आपण नेमके हेच करून ठेवले आहे.

आपल्याकडे दुसरी रीत नव्हती असे नाही. १९८४ च्या सुमारास भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या नव्या तेलवाहू जहाजांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे दिली. १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे रामा राघोबा राणे त्यांत होते, आणि तेव्हा ते हयातही होते. पंचवीसेक वर्षे तेल वाहून ही जहाजे भंगारात गेली. त्यावर मराठीत एक अग्रलेख वाचल्याचे मला आठवत नाही. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका निनावी बेटाला राणे यांचे नाव मिळाले, तेव्हाही कुठे मोर्चा निघाला नाही. नौदल ‘विक्रांत’ हे नाव एका जहाजावरून दुसऱ्यावर नेते, तसे मुंबईतच मुख्यालय असलेल्या महामंडळाने राणे यांचे नाव पुढच्या तेलवाहू जहाजावर न्यावे, ही मागणी चौकाचौकांत पाट्यांसाठी भांडणाऱ्यांनी एकदा तरी लावून धरावी.