वॉशर घालून मागची अलाइनमेंट होत नसते

'मागच्या चाकांची अलाइनमेंट घरीच करा. दोरी, टेप आणि चार वॉशर पुरे. टायरवाले लुटतात!' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. (अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन ठरलेल्या मापात आणणं.) पण घणसोलीच्या भाच्याने वॉशर आणूनही ठेवलेत, आणि 'मामा, रविवारी तुमचा जॅक आणाल का?' म्हणून फोन आला. आता गप्प बसवत नाही.

आधी ते वॉशरच बघू. मेसेज सांगतो की चाक काढा, हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे, बोल्ट सैल करा, एका बाजूच्या दोन बोल्टांत वॉशर सरकवा, चाकाचं तोंड वळेल. वळेल ना, का नाही वळणार! स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी अशा गाड्यांना मागे एकच टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असतो. हबचा स्टब (हब ज्यावर फिरतो तो खुंटा) त्याच्यावर सपाट तोंडाला सपाट तोंड टेकवून आवळलेला असतो आणि चाकाचा सगळा भार त्या पूर्ण टेकण्यावर पेलला जातो. दोन वॉशर घातले की तिथे फट पडते, भार बोल्टांवर येतो, आणि खड्ड्याखड्ड्याला ते वाकतात, सैल होतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ड्रमची मागची प्लेटही त्याच बोल्टांनी धरलेली असते. म्हणजे चाक आणि ब्रेक दोन्ही वॉशरच्या भरवशावर, आणि गाडी घोडबंदर रोडला ट्रेलरच्या शेजारी!

हो, शिम नावाचा प्रकार असतो, तेवढं मान्य. पण तो पूर्ण तोंड झाकणारा, ठरावीक कोनात निमुळता केलेला पत्रा असतो. कुठला लावायचा हे मशीनवर मोजल्यावर ठरतं, हार्डवेअरच्या दुकानात नाही.

स्विफ्टचं सर्व्हिस मॅन्युअल याबद्दल अगदी स्पष्ट आहे. मागचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय) अ‍ॅडजस्ट होत नाही. माप बाहेर गेलं असेल तर चाक, बेअरिंग, अ‍ॅक्सल तपासा आणि वाकलेला किंवा झिजलेला भाग बदला. गाडी बनवणाराच 'इथे फिरवायला काही नाही' म्हणतोय, तर फॉरवर्ड करणारे काय फिरवणार आहेत?

दोरीची पद्धत खोटी नाही. रेसिंगवाले वापरतात. पण ते दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर बांधतात. मेसेजमधल्यासारखी पुढच्या टायरला टेकवून मागे ताणली तर चुकतं, कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत सारखं नसतं. शिवाय 14 इंची रिमवर टोमधला 0.1 अंशाचा फरक म्हणजे साधारण 0.6 मिलिमीटर. टेपवर सगळ्यात लहान रेघ 1 मिलिमीटरची.

आणि जॅक. मेसेज म्हणतो, मागची दोन्ही चाकं उचला, हँडब्रेक ओढा, मग मोजा. अहो, हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो! ती हवेत गेल्यावर गाडी धरणार कोण? पुढच्या चाकांना अडवायला दगड नाही, खाली स्टँड नाही, स्टिल्ट पार्किंगला पाणी जायला ठेवलेला उतार, आणि हा पठ्ठ्या गाडीखाली पाना घेऊन. वर लटकलेल्या चाकाचं माप जमिनीवरच्या मापाशी जुळेलच असंही नाही.

80 च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं, तोही अलाइनमेंटचाच दोष म्हणे. आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का ते, बघा. टायर फक्त मधल्या पट्ट्यात झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय.

'टायरवाले लुटतात' यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. फक्त पुढचा टो फिरवून चारही चाकांचं बिल लावणारे ठाण्यात आहेत. म्हणून प्रिंटआउट मागायचा, आधीचा आणि नंतरचा. मागचा आकडा लाल, म्हणजे मापाबाहेर, असेल तर विचारायचं, काय वाकलंय? बीम, बुश, बेअरिंग, यातलं काहीच न बघता जो थेट 'कॅम्बर करून घ्या' म्हणतो, त्याच्याकडून गाडी बाहेर काढायची.