सोसायटीचा हॉल आणि चर्चचं तळघर

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी जाहीर हजामत झाली. ‘तिकडे कॅनडात बसून आम्हाला शिकवू नका, आधी दोन क्वार्टरचा मेंटेनन्स भरा,’ असं सेक्रेटरीकाकांनी लिहिलं आणि त्याखाली चौदा जणांनी अंगठे टाकले. मेंटेनन्स खरंच थकला होता. त्यामुळे तिथे बोलायला तोंड उरलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

भांडण असं. नाशिकला पाथर्डी फाट्याला आमचा टू बीएचके आहे. शेजारच्या प्लॉटवर बारा मजल्यांचं काम चालू आहे आणि पत्र्याच्या खोल्यांत तीसेक कुटुंबं राहतात. काही बिहारची, काही छत्तीसगडची, पाच-सात आपल्या नंदुरबारची. एका छोट्या संस्थेने सोसायटीकडे अर्ज केला की संध्याकाळी सहा ते आठ क्लबहाउसचा हॉल द्या. त्या पोरांचा अभ्यास घेऊ आणि आठवड्यातून एक दिवस त्यांच्या आईबापांची कागदपत्रं करून देऊ. आधारची दुरुस्ती, बँकेचं खातं, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी, असलं सगळं. विजेचं बिल ते भरणार होते. त्या हॉलमध्ये गणपतीचे दहा दिवस आणि वर्षाची दोन-तीन बारशी सोडली तर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तरी अर्ज नामंजूर. ‘सिक्युरिटीचा प्रश्न आहे.’ ‘आज हॉल मागतायत, उद्या नळ मागतील.’ ‘आपली पोरं बेकार फिरतायत आणि या परप्रांतीयांना फुकट पोसायचं.’ नंदुरबार कधीपासून परप्रांतात गेलं, हे मी विचारलं आणि तिथूनच मेंटेनन्सचा विषय निघाला.

मला सगळ्यात झोंबला तो ‘फुकट’ हा शब्द. २०१७ च्या जानेवारीत टोरांटोच्या स्कार्बरोमधल्या एका चर्चच्या तळघरात, ओल्या बुटांच्या वासात, हातात ४७ नंबरचं टोकन घेऊन मी रांगेत उभा होतो. फुकट खाण्यासाठीच.

नोव्हेंबरात आम्ही तिघं उतरलो होतो. मी, बायको आणि तीन वर्षांची लेक. नाशकात अंबडच्या कंपनीत अकाउंट्समध्ये अकरा वर्षं काढलेली होती, पण इथे कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही म्हणून फोनसुद्धा येईना. एजन्सीकडून वेअरहाउसची शिफ्ट मिळाली तर मिळाली, नाहीतर घरीच. बेसमेंटचं भाडं ९०० डॉलर. आणलेले पैसे बर्फासारखे वितळत होते. (इथला बर्फ एप्रिलपर्यंत वितळत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.) मालक श्रीलंकन तमिळ. त्यांनी क्रेडिट हिस्टरी न मागता किल्ली दिली होती आणि त्यांनीच एके दिवशी त्या तळघराचा पत्ता सांगितला.

तिथे टेबलापलीकडे गयानाहून पन्नास वर्षांपूर्वी आलेली एक आजी होती. घरात माणसं किती, भाडं किती, कमाई किती, पत्त्याचा पुरावा, एवढं विचारलं. नंतर माझ्या पिशवीत टूनाचे डबे टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, तुम्ही मासे खाता का? नाही म्हटल्यावर तिने डबे परत काढले, त्यांच्या जागी छोले ठेवले, राजमा ठेवला, आणि मागे जाऊन कुठूनशी एक मसूर डाळीची पिशवी घेऊन आली. कांदे, बटाटे, पीनट बटर, पिशवीतलं दूध. ते सगळं घेऊन बसमध्ये चढलो तेव्हा पिशवीवरचं नाव दिसू नये म्हणून ती मी उलटी धरली होती.

सोसायटीतल्यांना मला सांगायचंय ते या डाळीबद्दल नाही. डाळ आठवड्यात संपली. मार्चमध्ये त्याच तळघरात टॅक्सचे फॉर्म मोफत भरून देणारे स्वयंसेवक बसायचे. तिथल्या रिटायर झालेल्या एका बाईंनी माझे कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, मुलीचा चाइल्ड बेनिफिट येतो ना? मूल वाढवायला सरकार दरमहा पैसे देतं, याचा मला पत्ताच नव्हता. वेअरहाउसमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, सरकारने घरी येऊन सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला. मेमध्ये आधीच्या महिन्यांसकट पैसे आले आणि पुढे दर महिन्याला पाचशेच्या वर डॉलर सुरू झाले. आमचं अर्ध्याहून जास्त भाडं त्यातून निघालं. मग मला शिफ्ट सोडून संध्याकाळचा पेरोलचा कोर्स करता आला. त्यातून पहिली बसून करायची नोकरी. आज माझं जे काही बस्तान आहे ते त्या बाईंच्या वीस मिनिटांवर उभं आहे आणि त्यात एक पैशाचंही ‘दान’ नव्हतं. पैसे माझ्या हक्काचेच होते. फक्त ते आहेत हे मला सांगणारं माणूस लागत होतं.

आता पाथर्डी फाट्याला या. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून कायदा आहे. इमारत बांधायची तर खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याणकारी मंडळाकडे जमा करावा लागतो. म्हणजे आमच्या सोसायटीवरही तो भरला गेला असणार, आणि बिल्डरने काही तो खिशातून दिला नसेल, आपल्याच किमतीत धरला असेल. त्यातून नोंदीत मजुरांच्या पोरांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला, आजारपणाला मदत मिळते. नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता, स्लॅबला एक ठेकेदार, प्लास्टरला दुसरा, टाइल्सला तिसरा. ज्याच्याकडे चाळीस दिवस काम केलं तो फोन उचलत नाही. बाईचं आधार गावच्या पत्त्यावर, नवऱ्याच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. दाखला, अंगठा, ओटीपी. रेशनचंही तेच. एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून बिहारचं कार्ड नाशिकच्या दुकानात चालतं, पण ते चालतं हे दुकानदाराला ठणकावून सांगणारं कुणीतरी बरोबर लागतं. आठवड्यातून एक दिवस हॉलमध्ये टेबल टाकून ही संस्था एवढंच करणार होती. ग्रुपवर त्याचं नाव झालं ‘फुकट पोसणं’.

यावर माझा शाळेतला एक मित्र, तोही त्याच सोसायटीत राहतो, मला खाजगीत म्हणाला, ‘तुझ्या कॅनडाचं कौतुक आम्हाला नको. तिकडे तर लोक रांगा लावून डबे खातायत.’ बरोबर आहे त्याचं. इथली पहिली फूड बँक, म्हणजे आमच्या तळघरासारखं फुकट शिधा देणारं ठिकाण, १९८१ मध्ये एडमंटनला सुरू झाली, तात्पुरती सोय म्हणून. २०२४ च्या मार्च महिन्यात देशभरच्या फूड बँकांमध्ये वीस लाखांवर फेऱ्या झाल्या, पाच वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. तात्पुरत्याची चाळीस वर्षं झाली. सरकारने करायचं काम चर्चच्या तळघरावर ढकललं, असं इथलेच लोक म्हणतात. पण हे मी मित्राला सांगितलं नाही. त्याला मी गाडगेबाबा ऐकवले. ज्या माणसाने भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, गरिबाच्या पोराला शिक्षण आणि बेकाराला रोजगार एका दमात सांगितलं आणि नाशकात धर्मशाळा बांधली, ती बांधताना गाव विचारून नाही बांधली, वगैरे. फार छान लिहिलं होतं. त्याने नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

आणि सिंहस्थ! दर बारा वर्षांनी आपण अख्ख्या देशाला जेवू घालतो. २०२७ च्या तयारीसाठी जे रस्ते उकरलेत ते भरायला कोण येणार आहे? सुखवस्तू गंगापूर रोडवरची पोरं? साधू बाहेरचा चालतो, भाविक बाहेरचा चालतो, गवंडी मात्र बाहेरचा नको.

हे काही नवीन नाही. २००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा बाबांचं अंबडला धातूचे सुटे भाग दाबून काढणारं छोटं प्रेसशॉप होतं. चार कामगार, चौघेही जौनपूरचे. दोन रात्री ते पोटमाळ्यावर झोपले, शटर बाहेरून बंद. आईने पोळ्या आणि पिठलं डब्यात भरून दिलं आणि मी ते मागच्या खिडकीतून आत सरकवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी त्यांना नाशिकरोडला गाडीत बसवून दिलं. नंतर तीन आठवडे मशिनं गप्प होती. तेव्हा ‘आपली पोरं बेकार’ म्हणणाऱ्यांपैकी एकही जण प्रेसवर बसायला आला नाही. पुढे २०२० मध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत निघाली, तेव्हा याच नाशिककरांनी त्यांना पाणी दिलं, खिचडी दिली, चपला दिल्या. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची गाडी सुटली. नेमक्या महाराष्ट्रदिनी. जाणाऱ्याला आपण डबा बांधून देतो. राहणाऱ्याला हॉल देत नाही.

हे वाक्य लिहून मी स्वतःवर खूश झालो होतो. ग्रुपवर टाकायला कॉपीसुद्धा केलं. मग बायको म्हणाली, ‘आपल्या फ्लॅटच्या ब्रोकरला तू काय सांगितलं होतंस?’

सांगितलं होतं की फॅमिलीच बघा, आणि शक्यतो आपल्याकडचीच माणसं. ‘आपल्याकडची’ म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही, मीही फोड करून सांगितलं नाही. दोघांनाही कळलं होतं. हे बोललो तेव्हा मी त्या तमिळ माणसाच्या बेसमेंटमधून स्वतःच्या टाउनहाउसमध्ये जाऊन सहा महिने झाले होते.

आणि अजून एक. मी दर शनिवारी त्याच तळघरात स्वयंसेवक म्हणून जातो. दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची गर्दी सुरू झाली, तेव्हा मागच्या खोलीत कॉफी पिताना आम्ही काय बोलायचो? यांनी व्हिसाला पैसे दाखवले ना, मग रांगेत का? ही मुलं सिस्टिमचा गैरफायदा घेतात. यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं. ‘आपलं’ हा शब्द मीच वापरला होता. काही ठिकाणी तर विद्यार्थ्यांना घेणंच बंद केलं, आणि त्याचं मला बरंच वाटलं होतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक मुलगा माझ्या टेबलापुढे आला. हिवाळ्याचं जॅकेट नव्हतं, दोन स्वेटर एकावर एक. माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि हळूच मराठीत म्हणाला, ‘दादा, कांदे थोडे जास्तीचे भेटतील का?’ गाव विचारलं तर लासलगावच्या जवळचं. वडलांचा कांदाच. त्या वर्षीच्या जानेवारीपासून कॅनडा सरकारने विद्यार्थी व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली होती. त्याच्या आदल्याच डिसेंबरात आपल्याकडे कांद्यावर निर्यातबंदी आली आणि भाव पडले, तेव्हा नेमकी ती जुळवायची वेळ. वडलांनी कांदा मिळेल त्या भावाने घालवला आणि उरलेल्या रकमेसाठी गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढलं. त्या शेतकऱ्याच्या पोराला मी दोन किलोची जाळी दिली. नियमात एक किलोचीच बसते. तो निघताना म्हणाला, ‘घरी सांगू नका हां, दादा.’ त्याचं घर मला कुठे माहीत होतं! पण मी ‘नाही सांगत’ म्हणालो. मीही घरी सांगितलं नव्हतं. आई-बाबांना त्या जानेवारीत मी वॉलमार्टसमोरचे फोटो पाठवत होतो. बाबा गेले ते हे न कळताच गेले.

मेंटेनन्स भरून टाकला, दंडासकट. मग रविवारी आईला फोन लावला. ती हल्ली इंदिरानगरला बहिणीकडे असते. चर्चचं, टोकनचं, उलट्या पिशवीचं सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, ‘मसूर सालीची होती का बिनसालीची?’

‘बिनसालीची.’

‘मग आमटी पिठूळ झाली असेल.’

झाली होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी मुद्द्यावर आलो. मेमध्ये आपला भाडेकरू सोडतोय, म्हटलं. सोसायटी हॉल देत नाही तर न देवो, आपला हॉल आणि पुढची खोली संध्याकाळी त्या संस्थेला देऊ, वर्षभर. आईने आधी भाडं किती बुडेल ते विचारलं. नंतर म्हणाली, ‘सेक्रेटरी भांडायला माझ्याकडे येणार, तुझ्याकडे नाही.’ नंतर म्हणाली, ‘पोरं भिंतींवर लिहितात रे.’

‘लिहू दे. आपण रंग काढून घेऊ.’

‘तू येणार आहेस का रंग काढायला?’