टार्गेटचं काय?

कंपनीत गैरप्रकार कसे रोखायचे, यावरच्या या लेखात कर्मचाऱ्यांच्या आचारसंहितेच्या वार्षिक प्रशिक्षणावर सगळा भर दिलाय. पण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रशिक्षण होतं, तक्रारीसाठी हॉटलाइनही होती. तरी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. कारण एका कुटुंबाच्या गळ्यात आठ प्रॉडक्ट मारायची, असं वरून ठरलेलं आणि शाखेत रोज त्याचाच हिशोब. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला. सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं, बहुतेक खालचेच (नेहमीप्रमाणे!). आपल्याकडेही 'लॉकर हवा तर विमा घ्या' म्हणणारे मॅनेजर भेटतातच की. टार्गेट आणि त्यावरचे इन्सेन्टिव्ह ठरवायच्या बैठकीत कम्प्लायन्सच्या (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) माणसाला बोलावतात का, यावर लेखकाने दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.