मेलेल्याला आपली प्रार्थना लागू पडते का?

दादर पश्चिमेला, पोर्तुगीज चर्चपासून चार पावलांवर बंद दुकानाच्या पायऱ्या, तोच कट्टा. तारीख 2 नोव्हेंबर, त्यामुळे संध्याकाळी हातात मेणबत्त्या आणि झेंडूच्या पिशव्या घेतलेले लोक समोरून जात होते. सुहासने सायमनला विचारलं, "आज तुमची सर्वपित्री ना रे?"

सायमनने मान डोलावायच्या आत प्रभाकर म्हणाला, "त्यांची. आमची नाही."

सायमन वसईचा कॅथलिक, प्रभाकर नगरकडचा प्रोटेस्टंट. दोघांनाही बायबल तोंडपाठ, त्यामुळे चहा गार होणार हे ठरलेलंच.

सायमनने आधी नकाशा मांडला. माणूस गेला की त्याच क्षणी त्याचा निवाडा होतो. थेट स्वर्ग, नाहीतर नरक, नाहीतर शुद्धीस्थान, म्हणजे परगेटरी. "आणि परगेटरी म्हणजे अधलंमधलं स्टेशन नाही, की तिथून वरही जाता येईल नि खालीही. तिथे असलेला प्रत्येक जण वाचलेलाच आहे, स्वर्गातच जाणार आहे. फक्त धुऊन निघायचंय."

"मग मिस्सा, म्हणजे तुमची चर्चमधली मुख्य उपासना, कुणाला लागू?" सुहासने विचारलं.

"तिथल्यांनाच. स्वर्गातल्यांना गरज नाही, नरकातल्यांना उपयोग नाही."

"पण कोण कुठे आहे, ते कसं कळतं?"

"संत म्हणून जाहीर झालेले सोडले तर कळत नाही. स्वर्गातल्यांची थोडीफार यादी आहे, नरकातल्यांची नाही. अमका नरकात गेला असं चर्चने आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही, येशूला धरून देणाऱ्या यहूदाचंही नाही. म्हणून कुणासाठीही प्रार्थना करता येते. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला 1917च्या चर्च-कायद्यात चर्चचा दफनविधी नाकारला होता. 1983च्या कायद्यात ते कलमच उरलं नाही."

इथे प्रभाकरने हात वर केला. "मेल्यावर हिशेब बंद. इब्री 9:27 वाच. माणसाने एकदाच मरायचं, नंतर न्याय. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याला कुठे धुऊन घ्यायला पाठवलं? तुमचं परगेटरी येतं कुठून ते सांग."

"2 मक्काबी, बारावा अध्याय. लढाईत पडलेल्यांसाठी यहूदा मक्काबीने 2000 चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पाठवली, पापार्पणासाठी."

"ते तुमच्या बायबलच्या 73 पुस्तकांत आहे, आमच्या 66त नाही. पण राहू दे, तुझंच पुस्तक धरू. ते शिपाई मेले कशाने? अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले म्हणून, असं तोच अध्याय सांगतो. मूर्तिपूजा तुमच्या हिशेबात प्राणघातक पाप. तुमच्याच नियमाने ते परगेटरीत जात नाहीत, थेट खाली जातात. मग प्रार्थना कुणासाठी?"

हा मुद्दा खरंच जड आहे. सायमनचं उत्तर असं की घाव लागल्यापासून श्वास थांबेपर्यंत त्यांच्या मनात काय झालं हे कुणी पाहिलेलं नाही, आणि यहूदा मक्काबीने त्यांच्याबद्दल आशा सोडली नाही, तेवढंच त्या उताऱ्यातून घ्यायचं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. पौलाचं 1 करिंथ 3:15 त्याने पुढे केलं, 'तारला जाईल, पण जणू अग्नीतून', ते प्रभाकरने लगेच परतवलं: तिथली आग माणसाच्या कामाची परीक्षा घेते, तीही शेवटच्या दिवशी, आणि मुदतीबद्दल तिथे एक अक्षर नाही.

"मुदत आणि भट्टी लोकांनी चिकटवली," सायमनने कबूल केलं. "ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे आमच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, 1563त दोनच गोष्टी ठरवल्या. परगेटरी आहे, आणि तिथल्यांना आपल्या प्रार्थनेची, विशेषतः मिस्सेची मदत होते. आग आहे की नाही, किती वर्षं, काहीच ठरवलं नाही. उलट पैशाचा वास येणारं सगळं बंद करा, असं बिशपांना बजावलं."

"या पैशाच्या धंद्याविरुद्ध आमचा धर्मसुधारक लूथर ओरडला 1517त. तुम्हाला ऐकू आलं 46 वर्षांनी."

पैशाचा विषय निघाला म्हणून सुहासने विचारलं, आज नेमकं करायचं काय असतं. यात सायमन पक्का. 1 ते 8 नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण इंडल्जन्स मिळतं, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेची माफी, आणि ती फक्त मृतालाच देता येते. दिवसाला एकच. त्यासाठी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली हवी, साधारण 20 दिवस आधी किंवा नंतर चालते. एक कन्फेशन अनेक दिवसांना पुरतं, पण कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेणं, आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना दर वेळी वेगळी. लोक शिवडीच्या दफनभूमीत जातात, कबर पुसतात, मेणबत्ती लावतात, फोटो काढतात आणि परततात. कम्युनियन राहून जातं. शिवाय कुठल्याच पापाची ओढ मनात नको, हलक्या पापाचीही नको. तिथेच बहुतेकांचं अडतं आणि पूर्णाचं अंशतः होतं.

ग्रेगोरियन मिस्सांचेही असेच नियम. एका मृतासाठी सलग 30 दिवस 30 मिस्सा. एका मालिकेत पाच नावं घुसवता येत नाहीत, जिवंत माणसासाठी तर मुळीच नाही. फादर बदलले, चर्च बदललं तरी हरकत नाही. अचानक काही अडचण येऊन खंड पडलाच, तर राहिलेल्या मिस्सा लवकरात लवकर पुऱ्या करायच्या, पहिल्यापासून मोजायला लागत नाही.

रूबेन इतका वेळ गप्प होता. तो अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे आणखी एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाचा. "तुम्ही दोघंही चुकताय. उपदेशक 9:5, मेलेल्यांना काहीच कळत नाही. पुनरुत्थानापर्यंत झोप. आणि दुष्टांचा शेवटी नाशच होतो, अनंतकाळ छळ नाही. मदत घ्यायला तिथे जागं कोण आहे?"

प्रभाकरने त्यालाही लूक 16 ऐकवलं, श्रीमंत माणूस आणि लाजर. रूबेन म्हणाला, तो दाखला आहे, नकाशा नाही. दोघांचं ते भांडण जुनंच आहे, इथे लांबवत नाही.

सुहासला मात्र आपलाच प्रश्न छळत होता. "आमच्यात कावळा शिवला की समजतं. तुमच्यात पोहोचल्याची खूण काय?"

"काही नाही," सायमन म्हणाला. "म्हणून लोक वर्षानुवर्षं फादरला मिस्सा करायला सांगतात."

"आणि तो माणूस आधीच स्वर्गात पोहोचला असेल तर? फुकट?"

"फुकट जात नाही. देव ते दुसऱ्या गरजवंताला देतो, असं जुन्यांपासून मानतात."

प्रभाकर याचीच वाट बघत होता. "देवच ठरवणार कुणाला द्यायचं, तर मिस्सा सांगताना चिठ्ठीवर मेलेल्याचं नाव कशाला?"

"नाव मोठ्याने वाचलंच पाहिजे असं नाही. फादरच्या मनात हेतू असला की पुरे. वाचतात ते घरच्यांसाठी."

"घरच्यांसाठी! मघापासून मी दुसरं काय सांगतोय?"

"नाव वाचणं म्हटलं मी," सायमन म्हणाला, "मिस्सा नाही म्हटलं."