रात्री सूर्य कुठून आणणार, असं विचारणाऱ्या मेसेजला

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. सगळ्यात आधी मामांनी, खाली ‘तू लाईटीतला माणूस, बघ बरं खरं का’ एवढं लिहून. मेसेज लांबलचक आहे. त्याचं सार असं: सोलर पॅनेल बनवायला जितकी वीज लागते तितकी ते जन्मात परत देत नाही, सोलरचे मेगावॅट नुसते कागदावर असतात, रात्री सूर्य नसतो, म्हणून कोळशाची केंद्रं होती तशीच चालवावी लागतात आणि एक किलोही कोळसा वाचत नाही, स्पेन सोलरमुळेच अंधारात गेला, पॅनेलच्या झळांनी पाऊस पळतो, आणि सुपीक जमीन जाते ती वेगळीच. शेवटी अर्थातच ‘दहा ग्रुपवर पाठवा’.

मी ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होतो. दर तासाला लॉगशीटवर अँपिअर आणि व्होल्टेज लिहायचं, फिडर, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडे जाणारी लाईन, ट्रिप होऊन बंद पडला की परत चालू करायचा, आणि फोनवर शिव्या खायच्या, ही नोकरी. सोलरशी माझं देणंघेणं नाही. पण मेसेजातलं सगळंच खोटं नाही, म्हणूनच तो इतका फिरतोय.

पहिला मुद्दा सगळ्यात सोपा, कारण त्याला शास्त्र लागत नाही, किराणा दुकानातलं गणित पुरतं. ५५० वॅटचं एक पॅनेल आपल्या उन्हात वर्षाला साधारण आठशे युनिट देतं. दरवर्षी थोडं कमी होत जातं हे धरलं तरी पंचवीस वर्षांत अठरा हजार युनिट कुठे गेले नाहीत. आता समजा, ते बनवायला याहून जास्त वीज लागली. पाच रुपये युनिटने नव्वद हजारांची वीज झाली. चीनमध्ये वीज स्वस्त आहे म्हणाल, तर दोन रुपयांनी धरा, तरी छत्तीस हजार. आणि ते पॅनेल बाजारात मिळतं दहा-पंधरा हजारांत. त्यात काच, ॲल्युमिनियमची चौकट, मजुरी, बोटीचं भाडं आणि दुकानदाराचा नफा आलाच. छत्तीस हजारांची नुसती वीज जाळून बारा हजारांना माल विकणारा कारखाना कुणाला माहीत असेल तर पत्ता द्या. खरी गोष्ट अशी की बनवताना गेलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात वर्षा-दोन वर्षांत वसूल होते. सुरुवातीच्या काळात, पॅनेल महाग आणि कमी कार्यक्षम असताना, ही मुदत लांब होती. मेसेज बहुधा त्याच काळातून आलाय.

मेगावॅटचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. ‘अमुक इतके मेगावॅट सोलर बसवलं’ ही बातमी वाचून वाटतं, तेवढी वीज आली. तसं नसतं. मेगावॅट म्हणजे मोटारीचा एचपी. ती किती तास चालली ते युनिटवरून कळतं. महाराष्ट्रात सोलर प्रकल्पाची वर्षाची सरासरी क्षमतेच्या अठरा-वीस टक्क्यांच्या आसपास पडते. कोळशाचं केंद्रही बारा महिने शंभर टक्क्यांनी चालत नाही, देशाची सरासरी सत्तरच्या जवळपास आहे, तरी फरक मोठाच. म्हणून १०० मेगावॅट सोलर आणि १०० मेगावॅट कोळसा एकाच तराजूत टाकणारी बातमी चुकीची, यात मी मेसेजवाल्याच्या बाजूने.

पण त्यावरून ‘कागदावरचे’ म्हणणं वेगळं. सबस्टेशनाजवळचा तीन मेगावॅटचा प्रकल्प घ्या. शेतीचे फिडर दिवसा सोलरवर चालवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे; तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला झाला, तो एवढाच आहे. असा प्रकल्प अठरा-वीस टक्क्यांनीही वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास युनिट देतो. तेवढी वीज कोळशातून काढायची तर तीन हजार टनांहून जास्त कोळसा लागतो. म्हणजे मालगाडीची एक रेक भरायला थोडंच कमी. ही रेक कागदावरची नाही. आणि ही वीज शेताच्या बाजूच्याच सबस्टेशनात येते. चंद्रपूरहून निघालेल्या विजेसारखी चार ठिकाणी गळत येत नाही.

आता रात्रीचं.

‘रात्री सूर्य कुठून आणणार’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, कारण आपण वीज म्हटलं की घरातला बल्ब आणि पंखा डोळ्यांसमोर आणतो. माझ्या डोळ्यांसमोर लॉगशीट येते. शेतीच्या फिडरला थ्री फेज, म्हणजे मोटारी चालवणारी वीज, पाळीने मिळायची: एक पाळी दिवसा आठ तास, दुसरी रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की फिडर चालू करायच्या आधी मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचो. कारण बांधावर कोण थांबतंय? प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. फिडर चालू केला की शे-दीडशे मोटारी एका क्षणात उठायच्या, अँपिअरचा काटा उडी मारायचा आणि कुठल्या तरी वस्तीवरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळायची. डीपी गेली की आठवडाभर पाणी बंद, आणि त्या आठवड्यात गहू ओंबीवर आलेला असला तर विचारूच नका. ज्यांची डीपी शाबूत राहायची ते हातात टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे. साप पायाखाली येतोय का, जुन्नरकडे असाल तर बिबट्या उसात बसलाय का, हे बघत. २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात धरणं धरून बसले होते, त्यांची मागणी दिवसा दहा तास विजेची होती. रात्रीची वीज शेतकऱ्याने कधीच मागितली नव्हती. ती त्याच्या गळ्यात पडली होती, कारण रात्री कारखान्यांचा आणि शहरांचा भार उतरायचा आणि उरलेली वीज कुठे तरी खपवायची असायची.

म्हणजे महाराष्ट्रात दुपारची वीज दुपारीच वापरणारं गिऱ्हाईक आधीपासून बसलेलं आहे: विहिरीवरची मोटार. विक्रीतला तीसेक टक्के भाग शेतीचा धरला जातो, आणि या भागाला रात्री वीज द्यायची गरजच नाही. शेततळ्यात किंवा टाकीत भरलेलं पाणी हीच त्याची बॅटरी. २०२३ मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला त्यामागचा हिशेब हाच होता. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत प्रकल्प लावायचा, शेतीचा वेगळा केलेला फिडर त्यावर दिवसा चालवायचा. मार्च २०२४ मध्ये सुमारे नऊ हजार मेगावॅटचे देकार, म्हणजे काम दिल्याची पत्रं, दिले गेले, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. २०१० च्या अखेरीस देशात सोलरच्या पहिल्या मोठ्या निविदा निघाल्या तेव्हा हाच दर अकरा-बारा रुपये होता. पुढे उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटपर्यंत नेलं. देकार दिला म्हणजे वीज आली असं होत नाही; जमीन, वाहिनी, उपकेंद्रातली जागा, सगळ्यातून जावं लागतं. पण दिशा बरोबर आहे.

राहिला कोळसा. दुपारी सोलर वर आलं की कोळशाचं केंद्र बंद करत नाहीत, खाली आणतात. आजच्या नियमाप्रमाणे ५५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ५०० मेगावॅटचा संच २७५ वर येतो आणि संध्याकाळी पुन्हा चढतो. खाली चालताना त्याला युनिटमागे थोडा जास्त कोळसा लागतो, यंत्रांची झीजही होते, हे कबूल. पण निम्म्या भारावरच्या बॉयलरला पूर्ण भाराएवढा कोळसा लागतो, असं म्हणणाऱ्याने बॉयलर सोडा, स्वयंपाकघरातली शेगडीही कधी बारीक केलेली नसावी. कोळसा वाचतो. जे वाचत नाही ते केंद्राचं भाडं. पंचवीस वर्षांच्या करारात स्थिर आकार ठरलेला असतो, संच चालो न चालो तो द्यावाच लागतो. मेसेजवाल्याने इथे बोट ठेवलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

संध्याकाळी सात ते अकराचा प्रश्न खराच उरतो. त्या वेळेला सोलर शून्य आणि घराघरांत सगळं चालू. इथे आपल्याकडे कोयना आहे. क्षमता १,९६० मेगावॅट, पण पश्चिमेकडे वीज काढायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच पाणी वापरता येतं, लवादाने घातलेली मर्यादा आहे ती. जे पाणी दुपारी सोडावं लागत नाही ते संध्याकाळी सोडता येतं. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, महाग वेळेला खाली सोडायचं. ती स्वस्त वेळ आजवर मध्यरात्रीची होती, आता ती दुपारकडे सरकतेय. आणि बॅटऱ्या. २०२२ मध्ये ग्रिडची वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या निविदेत मेगावॅटला महिन्याचं भाडं अकरा लाखांच्या घरात होतं, तीन वर्षांत ते दोन-अडीच लाखांवर आलं. हे सगळं अजून पुरेसं नाही, कोळसा रात्री लागणारच आहे आणि बरीच वर्षं लागेल. पण ‘रात्री लागतो’ म्हणजे ‘दुपारीही तितकाच जाळावा लागतो’ असं नाही. मेसेज हे दोन्ही एकच समजतो.

स्पेनची गोष्ट. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, त्या वेळी तिथे सोलर भरपूर होतं, हे खरं. पण स्पेन सरकारच्या अहवालाप्रमाणे बिघडलं ते व्होल्टेज. ते आटोक्याबाहेर चढत गेलं, ते धरून ठेवायची जबाबदारी असलेली जुन्या पद्धतीची केंद्रं कमी पडली, आणि व्होल्टेज सांभाळायचं काम सोलर प्रकल्पांना तिथल्या नियमांनी दिलेलंच नव्हतं. म्हणजे सोलर निर्दोष सुटलं असं नाही, पण आरोप वेगळा आहे. आणि आपला स्वतःचा अनुभव विसरू नका. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत दोनदा बसला, तेव्हा आख्ख्या देशात मिळून सोलर हजारेक मेगावॅट होतं. उलट ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं सगळ्यांनी दिवे घालवले, तेव्हा काही मिनिटांत एकतीस हजार मेगावॅटची मागणी गळाली आणि पुन्हा आली. जलविद्युत केंद्रांनी खालीवर होऊन ते पेललं. ग्रिडला धक्का झेलता येतो, आधी तयारी केलेली असली तर.

पावसाचं मी टाळणार होतो. साताऱ्याच्या पठारावर आणि साक्रीकडे पवनचक्क्या आल्या तेव्हाही हेच ऐकलं होतं, पाती ढग कापतात म्हणून. आता पात्यांच्या जागी झळा आल्या. पॅनेलच्या लगतची हवा थोडी तापते, हात लावून बघा. पण पाऊस समुद्रावरून शेकडो किलोमीटर येतो, त्याला पंधरा एकरांची झळ अडवत नाही. १९७२ ला कुठल्या पॅनेलने पळवला होता?

जमिनीचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर. सोळा हजार मेगावॅट सगळं झालं तरी ऐंशी हजार एकरांच्या आत. एकट्या उसाखाली राज्यात तीस लाख एकरांहून जास्त जमीन आहे, तिच्या तीन टक्केही नाही. माळरान भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख, वर्षाला तीन टक्के वाढ, हे कोरडवाहूला वाईट नाही. मला खटकतं ते दुसरंच. यातली बरीच जमीन सरकारी, म्हणजे गावाचं गायरान. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतात, पण ज्याची शेरडं त्या गायरानावर चरायची त्याला कुंपणाबाहेर उभं राहावं लागतं, आणि त्याच्या नावावर सातबारा नसल्यामुळे त्याला भाडंही मिळत नाही. ‘सुपीक जमीन जाते’ म्हणून ओरडणाऱ्या मेसेजात हा माणूस कुठेच नाही.

माझ्या चुलतभावाच्या सोलर पंपाचा कंट्रोलर गेला तेव्हा बसवणाऱ्या कंपनीने चार महिने माणूस पाठवला नाही. फोन लावला की ‘तक्रार नोंदवली आहे’. शेवटी त्याने शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप ओढला. आभाळ असलं की पंप दम खातो, खोल बोअरला पुरत नाही, आणि पीक नसेल तेव्हा त्या पॅनेलची वीज तिथेच वाया जाते. म्हणून प्रत्येक विहिरीवर वेगळं सोलर मांडण्यापेक्षा फिडर सोलरवर नेलेला मला बरा वाटतो. मोटार बंद असली तरी ती वीज गावठाणात जाते, आणि दुरुस्तीला दीडशे ठिकाणी माणूस धाडावा लागत नाही.

एवढं सगळं मामांना कोण लिहिणार. मी फोन करून विचारलं, तुमची मोटार कुठल्या फिडरवर आहे, सबस्टेशनात जाऊन बघा, आणि तो दिवसा कधीपासून चालणार तेही विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“पाच तारखेपासून दिवसाच म्हणतात. मग तो ऑटो काढून ठेवू का?”

म्हटलं, आजच काढा.